दोन कंपायलरांची एकादशी

रविवार, १ जानेवारी १९९५

नव्या वर्षाचं पहिलं काम म्हणून स्वयंपाकघरातलं छापील कॅलेंडर उतरवलं, गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं. शरद म्हणाला, "निदान सुट्ट्या तरी बघू दे." मी म्हटलं, सुट्ट्या तुझ्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लागतात, तिथे बघ. (वहीत मी त्याला शरद म्हणते. आईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, 'अहो'.)

हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला हट्टी म्हणायला नको. दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब चकली हातात धरून बोलले, "तिथी ठरते सूर्योदयावर. जबलपूरला सूर्य मुंबईच्या अर्धा तास आधी उगवतो. मग आपण मराठी लोकांनी मुंबईच्या सूर्यावर किती दिवस काढायचे?" इथली हिंदी पंचांगं आपल्याला चालत नाहीत, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. "आपलं स्वतःचं कॅलेंडर पाहिजे. गुढीपाडव्याला. कोण करतं?" मी हात वर केला. पाठोपाठ शरदनेही केला. बायकोला एकटीला सगळं श्रेय कसं मिळू द्यायचं!

आम्ही दोघंही कोबोलवाले. मी रिछाईच्या एका कारखान्यात हजेरी आणि पगाराचे प्रोग्राम सांभाळते, शरद एका सरकारी कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. कोबोलमध्ये पंचांग कोणी करत नाही, असं मला चार जणांनी सांगितलं. ज्या भाषेत हजार माणसांचा ओव्हरटाइम काढता येतो तिच्यात एका चंद्राची चाल काढता येऊ नये, हे मला पटत नाही.

ठरलं ते असं. प्रोग्राम एकच. तो मी घरच्या पीसीवर चालवायचा (कारखान्यानं मोडीत काढलेला, पण माझ्या हाताखाली नीट वागतो) आणि शरदने साहेबांना विचारून ऑफिसच्या मोठ्या मशीनवर. दर महिन्याचा एक कागद माझा, एक त्याचा, दोन्ही स्वयंपाकघरात लावायचे. आणि पाडव्यापर्यंत छापील कॅलेंडर दोघांनीही बघायचं नाही. उत्तर आधी माहीत असलं की हात आपोआप प्रोग्रामला तिकडे वळवतो, हे मी कारखान्यात पुष्कळदा पाहिलं आहे.

आई कॅलेंडरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मग मला एकादशी कशी कळणार गं?"

मी म्हटलं, "आई, आता घरचं पंचांग. कोणाकडे विचारायला जायचं नाही."

रविवार, ८ जानेवारी

आज पहिलं भांडण आणि पहिला विजय.

शरदच्या कागदावर अख्खा पौष एक दिवस मागे. माझ्या कागदावर बरोबर. प्रोग्राम तोच, अक्षर न् अक्षर तेच. शरद म्हणाला, "तुझं ते निळं खेळणं चुकीचं सांगून राहिलं आहे." खेळणं म्हणजे माझा कंपायलर. त्याला माझ्या कंपायलरबद्दल पहिल्यापासून अढी आहे. माझ्याकडे निळा पडदा आहे, चूक झाली की त्याच ओळीवर लाल पट्टी येते, आणि एक बटण दाबलं की प्रोग्राम ओळीओळीनं डोळ्यांसमोर चालून दाखवतो. त्याच्याकडे काळ्यावर हिरवी अक्षरं, आणि प्रोग्राम लिहायचा एडिटर असा शिष्ट की लिहायच्या आधी त्याला 'आता मी लिहिणार आहे' असं कळवावं लागतं. चुका मागाहून एकगठ्ठा. त्यात शरदला मर्दानगी वाटते.

दुपारी मीच शोधून काढलं. कोबोलच्या जुन्या शिस्तीत ओळ बहात्तराव्या घरापर्यंत. त्यापुढे काही लिहिलं तर मशीन ते वाचतच नाही आणि तक्रारही करत नाही. मी माझ्या कंपायलरला मोकळं लिहायची मुभा देऊन ठेवली आहे. माझी एक ओळ लांबली होती आणि तिच्या शेवटचं 'अधिक एक' शरदच्या मशीननं गिळून टाकलं होतं. ओळ तोडून दोन केल्या. दोन्ही कागद जुळले.

आईंनी विचारलं, "कंपायलर म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "दुभाष्या. आपण लिहिलेलं मशीनला त्याच्या भाषेत सांगतो."

"आणि तुमचे दुभाषे दोन?"

"हो. पण सांगतात तेच."

"मग आज काहून नाही सांगितलं?" म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. आईंना हे सगळं समजावणं कठीण आहे.

गुरुवार, १२ जानेवारी

पहिली एकादशी, दोन्ही कागदांवर आजच. आईंनी धरली. लग्न झाल्यापासून त्यांची एक चुकलेली नाही. दिवसभर पाणी, संध्याकाळी एक केळं. एरवीही त्या दिवेलागणीलाच, आमच्या आधी जेवून घेतात. रक्तात साखर आहे म्हणून डॉक्टर तयारच नव्हते. शेवटी पंधरवड्यातून एक दिवस कबूल केला आणि बजावलं की त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, गोळी घ्यायची नाही, एरवी एकही चुकवायची नाही. आई डॉक्टरांचं तंतोतंत ऐकतात. त्या सगळ्यांचंच ऐकतात.

शुक्रवार, २७ जानेवारी

गंमत झाली. पौषातली दुसरी एकादशी शरदच्या कागदावर आज आहे, माझ्या कागदावर उद्या.

या वेळी मी सगळ्या ओळी मोजून पाहिल्या. बहात्तरच्या पुढे काही नाही. माझा प्रोग्राम मी ओळीओळीनं चालवून पाहिला, कुठेही अडखळत नाही. म्हणजे गडबड त्याच्याकडे आहे. तो म्हणतो माझ्याकडे. वाद वाढायला लागला तेव्हा मीच मोठेपणानं म्हटलं, कागद दोन्ही भिंतीवर राहू देत, पाडव्याच्या आधी भय्यासाहेब त्यांच्या ज्योतिषांकडून तपासून घेतील, तोपर्यंत या विषयावर घरात बोलायचं नाही. शरदने हात मिळवला.

सकाळी आई चष्मा लावून दोन्ही कागदांसमोर उभ्या होत्या. बराच वेळ. निघताना मी म्हटलं, "आई, माझं उद्या म्हणतं. पण तुम्हाला वाटेल तसं करा हं, माझा काही आग्रह नाही." शरदनेही असंच काहीसं म्हटलेलं मी ऐकलं. बसची वेळ झाली होती.

शनिवार, २८ जानेवारी

आईंनी आज एकादशी धरली. म्हणजे माझी!

दुपारी कारखान्यातून आले तर आई पलंगावर पडून होत्या, शेजारी न सोललेलं केळं. मी काही बोलले नाही, ठरलंच होतं ना, पण चहा करताना गुणगुणत होते. पोटच्या मुलाचा कागद सोडून सुनेचा कागद पाळला याचा अर्थ आईंना कळतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. जानेवारीत घाम! म्हटलं, दोन-दोन शाली कशाला पांघरता? एक काढून घेतली.

शरद संध्याकाळी शीळ घालत आला. रात्रीच्या जेवणातही खूश होता. हरलेला माणूस कशाच्या जोरावर शीळ घालतो, मला कळत नाही.

रविवार, २९ जानेवारी

शेजारच्या बेबीताई आल्या होत्या. त्यांचे यजमान खमरियाच्या फॅक्टरीत आहेत. बेबीताई मूळच्या अमरावतीकडच्या, दुपारी आईंजवळ येऊन बसतात म्हणून मला निर्धास्त नोकरी करता येते. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "वहिनी, आजी लय सुकून राहिल्या. काहून?"

मी म्हटलं, "काल एकादशी झाली ना."

"काल? मले वाटलं परवा होती. परवाबी केळंच घेऊन बसल्या होत्या."

बेबीताईंना वारांचा नेहमीच घोळ होतो. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही माझ्याकडे एक दिवस आधी आल्या होत्या. मी हसून सोडून दिलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

एकादशी. दोन्ही कागद जुळले. शरदने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि आपापल्या कामाला लागलो. घरात शांतता आहे, पण तिला धार आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

शांततेची धार आज लागली. शरद सहज बोलल्यासारखं बोलला, "पीसीवरचा कंपायलर शिकणाऱ्या पोरांसाठी असतो. खरं काम मोठ्या मशीनवर." मी म्हटलं, खरं काम करणाऱ्या मशीनला माझी 'अधिक एक' गिळताना लाज वाटली नाही. तो म्हणाला, शिस्त मशीनची नाही, तुझी चुकली. मग मी त्याच्या एडिटरबद्दल बोलले. मग तो माझ्या फॅक्टरीबद्दल बोलला. असं बोलत बोलत आम्ही लग्नातल्या मानपानापर्यंत मागे गेलो.

आई मधे येऊन म्हणाल्या, "चलो, झालं असेल तर पानं घेते. दोघांचेही कागद छान आहेत." मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. माणसानं कुठेतरी एका बाजूला उभं राहावं.

पाडव्याचं काम मात्र उत्तम चाललं आहे. वर्षभराच्या तिथ्या, वार, सूर्योदय, सगळं एका पानावर बसवलं. कोबोलमधून इतकी सुबक छपाई मी कारखान्यातसुद्धा काढलेली नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

पुन्हा फरक. माघातली दुसरी एकादशी त्याच्याकडे आज आहे, माझ्याकडे उद्या.

आज त्याला सुट्टी, मला नाही. मी परत आले तेव्हा आई झोपल्या होत्या. शरद पेपर वाचत होता आणि पेपरच्या आडून हसत होता. "काय झालं?" विचारलं तर म्हणे, काही नाही, आपलं ठरलंय ना बोलायचं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

शरद सकाळीच ऑफिसला गेला. रविवारी मशीन मोकळं असतं, सबंध वर्षाची शेवटची प्रत काढायची होती.

मी आईंसाठी फुलके टाकायला घेतले तर म्हणाल्या, "नको गं, आज एकादशी ना." ऐकून इतकं बरं वाटलं! दुसऱ्यांदा! गोळी घेतली का विचारलं, तर म्हणाल्या घेतली. मी म्हणणार होते, एकादशीला गोळी घ्यायची नसते ना? पण तेवढ्यात भय्यासाहेबांचा फोन आला. ते तीनशे प्रती छापू म्हणतात. मी म्हटलं पाचशे छापा.

दुपारी आईंनी माझी वेणी घालायची हौस केली. हात थरथरत होते. एकदा मला 'नर्मदा' म्हणाल्या. नर्मदा त्यांची धाकटी बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारपणी असं होतं.

उद्या महाशिवरात्र. दोन्ही कागदांवर उद्याच. निदान शंकराबद्दल तरी घरात एकमत आहे. आई म्हणाल्या गुप्तेश्वराच्या देवळात जायचंच.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आता आई बऱ्या आहेत. हे आधी लिहिते आणि मग बाकीचं.

काल सकाळी देवळात जायला म्हणून आई अंगणात बेलाची पानं तोडत होत्या. मी आत साडी नेसत होते. बेबीताईंची हाक आली, "वहिनी, धावा! आजी पडल्या!" जाऊन बघते तर आई मातीत पडलेल्या, अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे, पण ओळख नाही. शरदने हाका मारल्या. त्या त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. बेबीताईंनी मात्र डोकं शाबूत ठेवलं. त्यांच्या सासऱ्यांनाही साखरेचा आजार होता. घरातून साखर आणून आईंच्या ओठांच्या आत, हिरडीला चोळत राहिल्या. मला सुचत नव्हतं. मी नुसती आईंचा हात धरून बसले होते आणि तो गार होता.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. थोड्या वेळानं आईंनी पाणी मागितलं तेव्हा आमच्या जिवात जीव आला. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "शुगर बहुत नीचे चली गई थी। खाना कब खाया था इन्होंने?"

शरद म्हणाला, "कल खाया होगा। शनिवार को एकादशी थी।"

मी म्हटलं, "नहीं, एकादशी कल थी। परसों खाया होगा।"

शरद माझ्याकडे वळून म्हणाला, "शनिवारी उपास होता तिचा. मी घरी होतो. मी बघितलंय."

"रविवारी होता. मी बघितलंय."

डॉक्टर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आप लोग पहले आपस में तय कर लीजिए।"

तय करायला काही उरलंच नव्हतं. शनिवार, रविवार आणि काल शिवरात्र. शनिवारी गोळी नाही. गोळी चुकवायची ती एकाच दिवशी, म्हणून रविवारी आणि काल उपाशीपोटी गोळी. मुलाचं ऐकलं, सुनेचं ऐकलं, डॉक्टरांचं ऐकलं. जानेवारीतही हेच झालं असणार. तो घाम! मी शाल काढून घेतली होती.

संध्याकाळी शरद औषध आणायला गेला तेव्हा मी आईंना विचारलं, "का केलंत असं?"

त्या म्हणाल्या, "एकाचा कागद पाळला असता तर दुसरा जेवताना गप्प बसला असता. तुम्ही दोघं भांडलात की घर कसं होतं, तुम्हाला नाही दिसत. एक दिवस जास्त उपाशी राहणं त्याच्यापेक्षा सोपं असतं, बेटा."

"आम्हाला सांगायचं तरी!"

"बोलायचं नाही असं तुमचंच ठरलं होतं ना."

मला रडू आवरलं नाही. आई माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या, सलाईन लावलेला हात, नर्स ओरडेपर्यंत.

गुरुवार, २ मार्च

आई घरी आल्या. बेबीताई त्यांच्याजवळ बसल्या आहेत. आम्ही दोघांनी रजा टाकली आणि प्रोग्राम घेऊन बसलो. या वेळी जिंकायला नाही. आजच सापडलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

शरदने सुचवलं ते बरोबर होतं: उत्तरं ताडून बघत बसू नये, वाटेतला प्रत्येक आकडा छापावा. तो ऑफिसातून तसा छापून घेऊन आला, मी इथे प्रोग्राम ओळीओळीनं चालवत छापला. दोन्ही कागद जमिनीवर पसरून एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. सूर्य जुळला. दिवसांची संख्या जुळली. चंद्राच्या ओळीवर दोघांची बोटं थांबली.

चंद्र एका दिवसात किती चालतो ते काढायला एक भागाकार आहे. मग त्याला दिवसांच्या संख्येनं गुणायचं, आणि ती संख्या फार मोठी, कारण मोजणी जुन्या ग्रंथातल्या आरंभापासून आहे. दोन्ही मी एकाच ओळीत लिहिलं होतं. भागाकाराचं उत्तर मधल्या मधे किती दशांशांपर्यंत धरायचं, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, त्यात काय लिहायचं? शरदच्या कंपायलरनं पुष्कळ दशांश धरले. माझ्यानं थोडे धरले आणि बाकीचे टाकून दिले. टाकलेला तुकडा कणाएवढा, पण इतक्या दिवसांनी गुणल्यावर माझा चंद्र काही तास मागे पडला. एरवी ते कळत नाही. तिथी सूर्योदयाच्या जवळ बदलली की दिवस चुकतो.

म्हणजे एकादशी शनिवारचीच. शरदची. हे मी इथे स्वच्छ लिहिते.

मी वाट बघत होते की आता तो म्हणेल, बघ, मोठं मशीन. तो म्हणाला, "माझं बरोबर आलं ते नशिबानं. मी तरी कुठे लिहिलं होतं किती दशांश धर म्हणून? मी तर हा प्रश्न विचारलाच नव्हता."  नियमाच्या पुस्तकात बघितलं तर ही जागा कंपायलर बनवणाऱ्यावरच सोडलेली आहे. दोन्ही दुभाषे आपापल्या परीनं प्रामाणिक होते. आम्ही न सांगितलेलं त्यांनी आपल्या मनानं ठरवलं. आईंनीही तेच केलं.

दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. आधी गुणावं तर आकडा कोबोलच्या अठरा अंकांत मावत नव्हता, म्हणून दशांशांचं नावच काढून टाकलं. पूर्ण भागाकार एकीकडे, बाकी दुसरीकडे, दोन्हींना आम्ही ठरवलेली जागा. आता कुठल्याही कंपायलरला मनानं ठरवायला काही शिल्लक नाही. शरद सायकल काढून ऑफिसला गेला आणि नवा कागद घेऊन आला. माझा कागद खाली, त्याचा वर, असे दोन्ही खिडकीच्या काचेवर धरले. अक्षरावर अक्षर बसलं.

शरद म्हणाला, "तुझ्या निळ्या खेळण्यानं ओळीओळीनं चालवून दाखवलं म्हणून इतक्या लवकर सापडलं." हे त्यानं आपणहून म्हटलं. तारीख टाकून लिहून ठेवते आहे.

रविवार, ५ मार्च

भय्यासाहेब त्यांच्या ज्योतिषांकडून तपासलेला कागद घेऊन आले. सगळं जुळलं. जिथे मुंबईच्या कॅलेंडरशी फरक आहे तिथे फरक असायलाच हवा, असा ज्योतिषांचा शेरा. कोबोलमध्ये पंचांग होत नाही म्हणणाऱ्या चौघांना मी एकेक प्रत स्वतः नेऊन देणार आहे. छपाई पाचशेच.

आईंना आनंद झाला, पण चेहरा उतरलेला होता. डॉक्टरांनी आता उपास साफ बंद केले आहेत. आई भय्यासाहेबांना म्हणाल्या, "साठ वर्षांचं व्रत. आता शेवटाला मोडायचं?" इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःसाठी काढलेला पहिला शब्द मी ऐकला.

भय्यासाहेब विचार करून म्हणाले, "मोडायचं कशाला? ज्याला झेपत नाही त्याच्या वतीनं घरच्यानं उपास धरावा, शास्त्रात सोय आहे. मुलगा चालतो, सून चालते."

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मी चहाचे कप उचलून आत जायला लागले तर शरद पण एक कप उचलून माझ्या मागे आला.

सोमवार, १३ मार्च

एकादशी. कागद आता एकच लावला आहे.

उपास मी धरला आणि शरदनेही धरला. एकानं धरला असता तरी चाललं असतं, असं भय्यासाहेब म्हणाले होते. पण आईंनी विचारलं, "कोण धरतं?" आणि आम्ही दोघंही 'मी' म्हणालो, आणि मग माघार कोण घेणार? हे मी श्रद्धेनं केलेलं नाही, आईंच्या तब्येतीसाठी केलं. सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही. कारखान्यात कॅन्टीनच्या समोरून जाताना भज्यांचा वास आला तेव्हा मी चालण्याचा वेग वाढवला. डोकं दुखतं आहे. साठ वर्षं ही बाई हे कसं करत होती?

संध्याकाळी आईंचं पान वाढलं. वरण, वांग्याची भाजी, गरम फुलके. आई म्हणाल्या, "तुम्ही दोघं समोर बसा, तरच घास घेईन." बसलो. त्यांनी फुलक्याचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि हात तोंडापाशी थांबला. एकादशीला अन्नाचा घास त्यांनी लग्नानंतर घेतलेला नव्हता. मला वाटलं, आता खाली ठेवतात.  डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते पदरानं पुसलं आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. मी मीठ दिलं. माझ्या पोटात इतकं जोरात गुरगुरलं की शरद हसायला लागला, आणि मग त्याच्याही पोटात.

आई जेवता जेवता म्हणाल्या, "उद्या पारणं किती वाजता आहे? दोघांनी वेगवेगळं सांगू नका."

आम्ही एकदमच सांगितलं. एकच वेळ सांगितली. आईंनी मान डोलावली आणि आणखी एक फुलका मागितला.